हळदीचं पाणी

काशिनाथ मिस्त्री गाडीचं पाणी चाखून बघायचे. गार इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण काढलं की करंगळी आत बुडवायची, जिभेला लावायची आणि बाजूला थुंकायचं. गंजाची चव आली तर पाणी जुनं. तेलकट लागलं तर आतल्या आत तेल-पाणी एक होतंय, इंजिनाचं डोकं उतरवावं लागणार. काहीच चव आली नाही की मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. “ताजं भरलंय कुणीतरी. का भरलं? कमी झालं म्हणून. मग गेलं कुठं?” हे सगळं ते गाडीला विचारायचे. शेजारी ड्रायव्हर उभा असला तरी त्याला नाही. ड्रायव्हर थापा मारू शकतो, गाडीला ते जमत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांच्या हाताखाली आलो ते दुष्काळाच्या साली. चिंचवडच्या एका कंपनीत गाड्यांची शेड होती. साहेब लोकांच्या मोटारी, दोन जीप, कामगारांच्या बसगाड्या आणि या सगळ्यांना मिळून एक मिस्त्री. मी उदगीरकडचा. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. पंचविशी उलटलेली, गावी बायको आणि दोन वर्षांची मुलगी, आणि ट्रॅक्टरचे चार नटबोल्ट उघडल्याचा काय तो अनुभव. पहिल्या दिवशी मी इतका भेदरलो होतो की मिस्त्रींनी नाव विचारलं तर गावाचं नाव सांगून बसलो. ते हसले नाहीत. “बरं, उदगीर. अर्ध्या इंचाचा पाना आण,” म्हणाले. तेव्हापासून माझं नाव तेच पडलं.

मिस्त्री दिघीचे. लष्कराच्या हद्दीला लागून त्यांची वस्ती. तरुणपणी लष्कराच्या वर्कशॉपात रोजंदारीवर जात, तिथंच हात बसला. उंच, जरा पुढं वाकलेले, जन्मभर बॉनेटखाली डोकं घालून पाठीला तसाच बाक आलेला. घरून निघताना खाकी शर्टाला कडक इस्त्री असायची आणि शेडमध्ये आल्यावर तो काढून खिळ्याला टांगून ठेवायचे, परत जाताना घालायचे. दिवसभर अंगात तेलानं काळी झालेली बंडी. मी एकदा विचारलं, शर्ट असाच परत न्यायचा तर इस्त्री कशाला? म्हणाले, “वस्तीतनं निघताना अन् वस्तीत शिरताना माणूस नीट दिसावा. मधल्या येळात काळा झाला तर झाला.”

मला राहायला जागा मिळेपर्यंत दोन महिने मी त्यांच्या ओट्यावर झोपलो. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो; त्या सकाळी दोन डबे भरायच्या. एकावर खूण म्हणून दोरा बांधलेला, तो माझा. मला चपाती मानवत नव्हती, म्हणून त्यात ज्वारीची भाकरी. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मिस्त्रींनी माझं जेवण बघून घरी सांगितलं असणार. गावाकडून पत्र आलं नाही की माझी झोप उडायची आणि पत्र आलं की ते उघडायला हात धजायचा नाही. तेव्हा मिस्त्री म्हणायचे, “दे हिकडं. आधी मी वाचतो. वाईट असंल तर जेवल्यावर सांगीन.”

कामात त्यांची एक रीत होती. गळतीची गाडी आली की पहिला तासभर हत्याराला हात लावायचा नाही. गाडीखाली कालचा पेपर पसरायचा आणि ठिपके कुठं पडतात ते बघायचं. पेपर कोरडा राहिला तर रांगोळीचा डबा काढायचे. संशय असेल तिथं चिमूट चिमूट भुरभुरायची आणि इंजिन चालू करायचं. पांढऱ्या रांगोळीवर ओल उमटली की त्या ओलीच्या मागं मागं वर जायचं. “पानी खाली दिसतंय म्हणून खाली शोधू नको. निघालं कुठनं ते बघ.” त्यातूनही नाही सापडलं तर त्यांचं स्वतःचं एक यंत्र होतं. रेडिएटरच्या जुन्या झाकणाला भोक पाडून त्यांनी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह डाख देऊन बसवला होता. ते झाकण लावायचं आणि सायकलच्या पंपानं हवा भरायची, जपून, बेतानं. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. आतल्या पाण्यावर दाब आला की कुठंतरी बारीकसा सूं असा आवाज निघायचा. मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे. एका बसच्या ड्रायव्हरनं एकदा तक्रार केली, “मिस्त्री, ही बया पाणी लई पिती हो.” मिस्त्री म्हणाले, “पिती म्हंजे कुठंतरी मुतती. ती जागा सांग, उगं तिची बदनामी करू नको.”

आणखी एक नियम होता. काम कुणीही केलेलं असो, बॉनेट तेच लावायचे. लावायच्या आधी पुन्हा करंगळीनं पाणी चाखायचं, मिनिटभर इंजिन ऐकायचं आणि मग दोन्ही तळव्यांनी बॉनेट दाबायचं. “ज्यानं बॉनेट लावलं, गाडी त्याची. फुडं काय झालं तर त्यानं उभं ऱ्हायाचं.”

चिंचवड गावठाणात एका साहेबांचं घर होतं. त्यांची मोटार घरासमोरच तापून बंद पडली, म्हणून आम्ही दोघं सायकलवर डबलसीट गेलो. रबरी होज फाटला होता, मिस्त्रींनी तो बदलला. पाणी भरायला मागितलं तर साहेबांच्या आईनं कळशी आणून पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकली. मग तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, “ओंजळ करा, वरून घालते.” मिस्त्रींनी एकदा तिच्याकडं आणि एकदा कळशीकडं बघितलं. “ऱ्हाऊ द्या, आजी,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “तहान गाडीला लागलीय. मला न्हाई.” परतताना भर उन्हात ते एकटेच पायडल मारत होते. मी म्हटलं, मिस्त्री, मी चालवतो. त्यांनी पायडल सोडलं नाही. शेडमध्ये आल्यावर माठातलं पाणी प्यायले, एकामागून एक चार पेले.

हा असा माणूस त्या शेडमध्ये आठ वर्षं टेंपररी होता. त्या वेळी कंपन्यांत चालायचं तसंच. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नव्यानं बिल्ला. ब्रेकच्या दिवसांत मिस्त्री भोसरीच्या गॅरेजांतून हात मारून यायचे. ‘कायम’ हा एकच शब्द त्या भागातल्या सगळ्या घरांत तेव्हा बोलला जायचा. कायम झालेल्याला मुलगी द्यायची, कायम झालेल्याला खोली भाड्यानं द्यायची. मी आल्यानंतर दुसऱ्या वर्षी कळलं की शेडमध्ये दोन जागा कायम होणार, एक मिस्त्रीची आणि एक हाताखालच्याची. यादीत आमची दोघांची नावं होती. मात्र चाळिशीच्या पुढच्या माणसाला घ्यायचं नाही, असा कंपनीचा नियम. मिस्त्रींना स्वतःचं वय अंदाजानंच माहीत. शाळेचा दाखला आणला तर बसत होते, तेही कसेबसे. ही संधी गेली की पुढं दार बंद.

त्यासाठी ते एका शुक्रवारी अर्धी सुट्टी टाकून गेले. जाताना मला म्हणाले, “मोठ्या साहेबांची काळी गाडी बघून ठेव. पानी कमी होतंय म्हणतात. सकाळी मुंबईला न्यायचीय.”

मी पेपर पसरला. कोरडा. रांगोळी टाकली. कोरडी. होज चाचपले, पाण्याचा पंप बघितला, रेडिएटरच्या जाळीवर हात फिरवला. कुठंच काही नाही, आणि पाणी मात्र बोटभर खाली गेलेलं. व्हॉल्व्हचं झाकण लावून हवा भरावी तर आपल्या हातून दाब जास्त होऊन रेडिएटरच फुटेल, ही भीती. दुपार कलायला लागली. डोक्यात एकच घोळत होतं, पुढच्या आठवड्यात यादी पक्की होणार आणि साहेबांची गाडी माझ्यामुळं शेडमध्ये अडकणार. पवार म्हणून साहेबांचा ड्रायव्हर होता. वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “काय राव, एवढ्याशासाठी घाम गाळतोयस? मूठभर हळद टाक की पाण्यात. बारीक भोक असलं तर आपोआप बुजतं. आमी ट्रकवाले हेच करायचो, भावा.”

मिस्त्रींना हळदीचा राग होता, हे मला माहीत होतं. हळद भोक बुजवते आणि चांगल्या नळ्याही बुजवते, हे त्यांनीच शिकवलेलं. तरी मी कँटीनमधून पुडी आणली. एक मूठ टाकली. मग धीर होईना म्हणून आणखी एक टाकली.

मिस्त्री संध्याकाळी परतले ते इस्त्रीच्या शर्टातच. खिशातून घडी काढून मला दाखवली. दाखला मिळाला होता. चाळिशीला दोन महिने बाकी होते. त्यांना इतकं खुशीत मी कधीच पाहिलं नव्हतं. “बघ, मास्तरांनी माझं वय लिहून ठेवलं होतं. आमच्या आईला सांगता आलं न्हाई, पर मास्तरांनी अंदाजानं का व्हईना लिहिलं.” मग गाडीकडं वळून विचारलं, “कुठनं गळत होतं?”

“होजचा पट्टा सैल होता,” मी म्हणालो. “आवळला.”

इंजिन गरम होतं, त्यामुळं झाकण उघडण्याजोगं नव्हतं. थांबले असते तर उघडता आलं असतं. ते थांबले नाहीत. मिनिटभर आवाज ऐकला, दोन्ही तळव्यांनी बॉनेट दाबलं आणि घरी गेले. वहिनींना दाखला दाखवायचा होता.

गाडी खंडाळ्याच्या घाटात तापली. पवारनं काटा बघितला नाही की बघून पुढं रेटली, कोण जाणे. वाफ बाहेर आली तेव्हा फार उशीर झाला होता. माणसं सुखरूप होती. गाडी दोरीनं ओढत सोमवारी शेडमध्ये आली. ट्रान्सपोर्टचे करंदीकर साहेब स्वतः येऊन उभे राहिले. मिस्त्रींनी रेडिएटर उतरवला, तिरपा केला आणि खालच्या तोंडातून पिवळा, दाट गाळ जमिनीवर पडला. हळदीचा वास साऱ्या शेडमध्ये पसरला. कुणाच्या घरी फोडणी बसावी तसा.

मिस्त्रींनी त्यात करंगळी घातली. चाखायची काही गरज नव्हती, तरी चाखली. मग माझ्याकडं बघितलं. क्षणभरच. मी मान खाली घातली.

“हे कुणी केलं?” करंदीकर साहेबांनी विचारलं.

“गाडी माझ्या हातनं गेली, साहेब,” मिस्त्री म्हणाले.

“मी गाडी कुणाच्या हातून गेली विचारत नाही. हळद कुणी टाकली?”

“माझ्या हातनं गेली म्हणतोय न्हवं. मग माझीच.”

“तुमच्यासारख्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती, सोनवणे.”

मिस्त्री रेडिएटर पुसत राहिले. माझ्या तोंडात शब्द तयार होता, तो मी गिळला.

साहेब गेल्यावर मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी बंडीला हात पुसले आणि म्हणाले, “चल. गळती अजून हाय तिथंच हाय. शोध.”

इंजिनाचं डोकं वाकलं होतं, ते घासायला पाठवलं. दुसऱ्या गाडीचा रेडिएटर आणून बसवला. डोकं परत आल्यावर नवं गॅस्केट घातलं आणि पाणी भरलं. हे सगळं होईतो ते कामापुरतंच बोलत होते. मग त्यांनी ते व्हॉल्व्हचं झाकण माझ्या हातात दिलं. “लाव. पंप मार. भिऊ नको, मी हाय.” मी पंप मारला. सगळे गप्प. सूं ऐकू आलं, पण कुठून ते कळेना. त्यांनी माझी मान धरून डोकं इंजिनाच्या बाजूला, धूर बाहेर नेणाऱ्या जाड नळीच्या मागं वळवलं. तिथं, अंधारात, इंजिनाच्या अंगाला रुपयाएवढी पत्र्याची एक टोपी ठोकलेली असते. गंजून तिला सुईच्या अग्राएवढं छिद्र पडलं होतं. त्यातून पाण्याचा एक मणी फुगत होता.

“ही नळी तापून लाल व्हती,” मिस्त्री म्हणाले. “पानी भायेर आलं की तिच्यावरच उडून जातं. पेपरवर पडंल कसं? रांगोळीबी तिथवर गेली न्हाई तुझी. तू वाईट शोधलं न्हाईस, उदगीर. फक्त तुला दम निघाला न्हाई.”

आम्ही ती जाड नळी उतरवली. छिन्नीनं जुनी टोपी फोडून काढली. बसायची जागा त्यांनी मला पुन्हा पुन्हा पुसायला लावली, बोटाला खरखर लागेनाशी होईपर्यंत. कडेला सांधा बुजवणारा सफेदा लावून नवी टोपी मी ठोकली. पहिला घाव घाबरत बसला. “हातोडीला घाबरल्यालं कळतं,” ते म्हणाले. दुसरा नीट बसला. पुन्हा हवा भरली. आता कसलाच आवाज नव्हता.

मी म्हणालो, “मिस्त्री, मी साहेबांना सांगून येतो.”

“काय सांगशील? हळद मी टाकली म्हणून? तुला आत्ता गेटाभायेर काढतील. अन् मला ठेवतील व्हय? हाताखालच्यावर नजर न्हाई, न बघता बॉनेट लावलं, म्हणून माझंबी नाव जाईलच. दोघं जाण्यापरीस एक गेला.” मग जरा थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाले, “आन् मी खरंच बघितलं न्हाई रे. दाखला मिळाला त्या खुशीत व्हतो.”

यादी लागली. तिच्यात मी होतो. मिस्त्रींच्या जागी बाहेरून कुणी आणला. दोन महिन्यांनी त्यांना ब्रेक मिळाला, तो शेवटचा. बिल्ला परत करताना गेटवर नेहमीप्रमाणं त्यांचा डबा उघडून बघितला गेला. मी आतल्या बाजूला उभा होतो. पाळी सुटायला वेळ होता आणि आता मी कायम होतो, मधेच बाहेर पडता येत नव्हतं.

पुढं ते भोसरीला गॅरेजांतून काम करत राहिले. पण पवारनं गोष्ट सगळीकडं केली होती, रंगवून, मजा म्हणून. गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर हसून विचारायचे, “मिस्त्री, हळद घरची का दुकानातली?” ज्या माणसानं उभ्या जन्मात हळद वापरली नाही, त्याला लोक हळद्या मिस्त्री म्हणू लागले. मी माझ्या बायको-मुलीला आणलं, आकुर्डीला खोली घेतली. सणासुदीला दिघीला जायचो. मग सणासुदीलाही कमी जायला लागलो. जाण्याची लाज आणि न जाण्याचीही.

सात-एक वर्षांनी कळलं की मिस्त्रींची छाती बिघडलीय, उठवत नाही. गेलो. तेच त्यांना शेवटचं पाहिलं. खाटेवर पडले होते. हातपाय काटकुळे झालेले, नखांतलं काळं मात्र तसंच. मला बघून उठायला लागले. मी धरून निजवलं. कंपनीत नवी बस कुठली आली, असं विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो.

वहिनी दाराशी बसल्या होत्या. बोलता बोलता त्या मधेच म्हणाल्या, “भावजी, एक इचारू? तुमी तवा तिथंच व्हता. ह्यांनी ती हळद का टाकली हो? एवढा हात चालणारा माणूस. मी सात वर्षं इचारतेय, एक अक्षर बोलत न्हाईत. नशिबानं पानात वाढलं अन् ह्यांनी हातानं उधळलं.”

“उगं काय काढतीस,” मिस्त्री म्हणाले.

“का काढू नको? पोरांच्या शाळा सुटल्या त्याच्यापायी. तुमी सांगा, भावजी.”

मिस्त्रींनी माझ्याकडं बघून मान हलवली. नको म्हणून. पण माझा आता स्वतःवर ताबा नव्हता.

“हळद मी टाकली होती, वहिनी.”

त्यांना ते कळलंच नाही. “कवा?”

“त्याच दिवशी. मिस्त्री दाखला आणायला गेले होते तेव्हा. त्यांना ठाऊक नव्हतं. नंतर त्यांनी स्वतःवर घेतलं. मी गप्प बसलो.”

वहिनी उठल्या. मला वाटलं, माझ्याकडं येतायत. त्या खाटेपाशी गेल्या. “व्हय का ओ?”

“झालं ते झालं. चहा टाक त्याला.”

“चहा ऱ्हाऊ द्या. व्हय का न्हाई, तेवढं सांगा.”

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

“मी सात वर्षं बोलतेय तुमाला,” वहिनी म्हणाल्या. “भांडण कशाचंबी असू दे, शेवट त्याच्यावरच आणतेय. पोरांसमोर बोलले. भावकीसमोर बोलले. अन् तुमी नुसतं ऐकून घेतलं?”

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला तिथं उभं राहता आलं असतं. मिस्त्रींना खोकल्याची उबळ आली आणि ओसरली. मग ते मला म्हणाले, “तू जा आता.” आवाजात राग नव्हता. आता आम्हा नवरा-बायकोत कोणी परकं नको, असं काहीसं त्यात होतं.

मी ओट्यावर येऊन चपला शोधू लागलो, तेव्हा आत नजर गेली. वहिनी खाटेच्या कडेला बसल्या होत्या, दाराकडं पाठ करून. मिस्त्रींचा उजवा हात त्यांनी मांडीवर घेतला होता आणि पदरानं एकेक बोट पुसत होत्या. मिस्त्रींचं तोंड भिंतीकडं होतं. खांदे हलत होते. खोकल्यानं हलतात तसे नव्हते. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज होऊ नये म्हणून गल्लीच्या तोंडापर्यंत तसाच अनवाणी चालत गेलो.